घडाचा माग लागला. भावाचा कधी लागणार?

युरोपातील एखाद्या दुकानात हिवाळ्याच्या अखेरीस भारतीय द्राक्षांची पेटी मांडलेली असेल, तर ती द्राक्षे महाराष्ट्रातील कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधून खुडली गेली, त्या प्लॉटमधील नमुना कोणत्या प्रयोगशाळेने तपासला आणि माल कोणत्या पॅकहाऊसमध्ये भरला गेला, याचा माग पेटीवरील क्रमांकावरून लावता येतो. हे काम किरकोळ नव्हे. अर्ध्या-एक एकराच्या हजारो तुकड्यांतून गोळा होणारा नाशवंत माल सात समुद्रांपलीकडे ओळख न गमावता पोहोचावा, ही आपल्या शेतीच्या व्यवस्थेने अभिमानाने सांगावी अशीच गोष्ट आहे. परंतु त्याच पेटीच्या प्रवासाकडे दुसऱ्या टोकावरून, म्हणजे निफाड किंवा दिंडोरीच्या बांधावरून, पाहू लागले की चित्र पालटते. ती पेटी कोणत्या दुकानात गेली, काय भावाने विकली गेली, त्यातील काही माल खराब ठरविला गेला असल्यास तो कोणी व कशावरून ठरविला, हे त्या बागाईतदाराला बहुधा कळत नाही. साखळी एकच आहे. पण ती एकाच बाजूने पारदर्शक आहे.

'पुरवठा साखळीची दृश्यता' हा शब्दप्रयोग गेल्या दहा-पंधरा वर्षांत उद्योगजगतात परवलीचा झाला आहे. आपल्या कारखान्यात किंवा दुकानात येणारा माल कोठून येतो, वाटेत कोणाकोणाच्या हातातून जातो, आज नेमका कोठे आहे आणि उद्या कोठे अडण्याचा संभव आहे, हे कंपनीला सतत दिसत राहावे, असा त्याचा साधा अर्थ. यासाठी बारकोड, संगणकीय नोंदी, उपग्रहावरून मिळणारी स्थाननिश्चिती अशी साधने वापरली जातात. साधनांविषयी वाद घालण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा की, ही दृष्टी कोणाची, ती काय पाहते आणि तिचा लाभ कोणाला होतो.

कंपन्यांना दृष्टी का हवी झाली?

मोठ्या कंपन्यांना या दृष्टीची निकड भासली ती दोन प्रकारच्या भीतींपोटी. पहिली भीती काम ठप्प होण्याची. मार्च २०११ मध्ये जपानला भूकंपाचा व त्सुनामीचा तडाखा बसला, तेव्हा हिताचिनाका येथील रेनेसास कंपनीचा अर्धवाहक चकत्या बनविणारा कारखाना बंद पडला आणि जगभरच्या मोटारउद्योगाची गती मंदावली. टोयोटासारख्या शिस्तबद्ध कंपनीलाही त्या वेळी असे आढळून आले की, आपल्याला थेट माल देणारे पुरवठादार आपल्याला ठाऊक आहेत. परंतु त्या पुरवठादारांना माल देणारे कोण आणि त्यांना देणारे कोण, याची पुरेशी माहिती आपल्याजवळ नाही. त्यानंतर तिने दुसऱ्या-तिसऱ्या फळीपर्यंतच्या पुरवठादारांची नोंद ठेवण्याची व्यवस्था उभारली. २०२० नंतरच्या महासाथीत आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर अशा नोंदींचे महत्त्व सर्वांनाच पटले. न्हावा-शेवाहून रॉटरडॅमला जाणारा द्राक्षाचा कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला, की दीड-दोन आठवडे वाढतात. आणि घडाच्या देठाची हिरवाई दीड-दोन आठवडे कोणासाठी थांबत नाही.

काम ठप्प होण्याच्या जोडीला मागणीच्या गैरसमजाने होणारे नुकसानही असते. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला लहान मुलांच्या लंगोटांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट दिसून आली. मुले लंगोट वापरतात ती जवळजवळ ठरावीक गतीने. दुकानातील विक्रीतही फारसा चढउतार नसतो. परंतु दुकानदाराकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, तेथून कंपनीकडे आणि कंपनीकडून कच्चा माल देणाऱ्याकडे मागणी जाऊ लागली, की प्रत्येक पायरीवर चढउतार वाढत जातात. प्रत्येक जण पुढच्याची फक्त मागणी पाहतो, खरी विक्री पाहत नाही, आणि आपल्या अंदाजाने थोडी भर किंवा कपात करतो. आसुडाची मूठ किंचित हलविली तरी टोक जोराने फटकारते, तसा हा प्रकार. अर्थात फटका बसतो तो टोकाशी असलेल्याला. खरी विक्री सर्वांना एकाच वेळी दिसू लागली, तर हा आसूड पुष्कळ अंशी आवरता येतो, हे १९९० नंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

दुसरी भीती बदनामीची. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि तिच्यातील कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अकराशेहून अधिक माणसांचा बळी गेला. त्यानंतरच्या दिवसांत पाश्चात्त्य देशांतील कित्येक नामांकित कंपन्यांना आपले कपडे तेथे शिवले जात होते की नाही, हेही तत्काळ सांगता आले नाही. ढिगाऱ्यात सापडलेल्या कपड्यांच्या पट्ट्या आणि मागणीची कागदपत्रे यांवरून ते शोधावे लागले. आपल्याच मालाचा जन्म कोठे झाला हे कंपनीला ठाऊक नसणे, ही तोपर्यंत सोयीची गोष्ट होती. त्या दिवसापासून ती अब्रूची गोष्ट झाली.

किंमत काय सांगते, काय सांगत नाही

येथे एक शंका घेता येईल. बाजारव्यवस्थेत माहिती पोहोचविण्याचे काम किंमत करतेच. मग या वेगळ्या दृष्टीची गरज काय? फ्रीड्रिख हायेक यांनी १९४५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात कथलाचे उदाहरण दिले आहे. जगाच्या पाठीवर कोठेतरी कथलाची टंचाई झाली, तर कथील वापरणाऱ्याला तिचे कारण कळण्याची जरुरी नसते. भाव चढला एवढे कळले, की तो आपोआप काटकसर करू लागतो. लक्षावधी लोकांजवळ विखुरलेले ज्ञान एका आकड्यात सामावते, ही किमतीची थोरवी होय. हा युक्तिवाद भक्कम आहे आणि नियोजनाच्या भाबड्या कल्पनांना त्याने दिलेले उत्तर आजही खोडून काढता आलेले नाही.

परंतु किंमत तेवढेच सांगते, जेवढे तिच्यात उतरलेले असते. द्राक्षाच्या सालीवर राहिलेला कीटकनाशकाचा अंश डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि म्हणून भावातही उतरत नाही. इमारतीच्या खांबाला गेलेला तडा सदऱ्याच्या किमतीत दिसत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, जेथे ग्राहकाला चांगला माल व वाईट माल यांत फरक करता येत नाही, तेथे चांगल्या मालालाही वाईट मालाचाच भाव मिळतो आणि हळूहळू चांगला माल बाजारातून निघून जातो. या विवेचनाबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचा सिद्धांत नाशिकच्या बागाईतदाराला पुस्तक न वाचताच समजावा, अशी वेळ लौकरच येणार होती.

२००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांच्या काही मालात मिथोमिल व ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. दोष काही प्लॉटांचा होता. पण तो कोणत्या प्लॉटांचा हे सांगता येत नसल्यामुळे संशय साऱ्या भारतीय द्राक्षांवर आला. ज्याने फवारणी व काढणी यांतील अंतर काटेकोर पाळले होते, त्याचीही द्राक्षे त्याच तराजूत तोलली गेली. शिवाय युरोपीय संघाच्या २००२ च्या अन्नविषयक कायद्यातील एक तरतूद १ जानेवारी २००५ पासून अमलात येणार होती. अन्नाचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे दाखवून देता आले पाहिजे, अशी ती तरतूद होती. निर्यात टिकवावयाची तर माग ठेवणे भागच होते.

यातून केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेने २००६ च्या सुमारास 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था उभी केली. तिचा क्रम असा. निर्यातीसाठीच्या प्रत्येक प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी होते व त्याला क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस प्लॉटमधून नमुना घेतो. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा या सर्व तपासण्यांवर संदर्भ-प्रयोगशाळा म्हणून देखरेख करते. अहवाल समाधानकारक असेल तरच तो माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये जातो, पेट्यांवर क्रमांक पडतात आणि पुढची प्रमाणपत्रे मिळतात. परदेशात एखाद्या पेटीविषयी तक्रार आली, तर बोट एका प्लॉटवर ठेवता येते; साऱ्या जिल्ह्याला कलंक लागत नाही. या व्यवस्थेने चांगल्या बागाईतदाराला त्याची वेगळी ओळख परत मिळवून दिली, हे तिचे मोठे श्रेय होय. पुढे डाळिंब, भुईमूग व सेंद्रिय माल यांच्यासाठीही याच धर्तीवर व्यवस्था उभ्या राहिल्या.

यादीबाहेरचे दिसत नाही

आणि तरीही २०१० साल उजाडले. त्या हंगामात युरोपातील प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश सापडला. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक बागाईतदारांच्या बोलण्यात 'लिहोसिन' या नावाने रुळलेले होते. युरोपात त्याची मर्यादा किलोमागे अवघी ०.०५ मिलिग्रॅम होती. माल भारतातून निघाला तेव्हा त्याची तपासणी झालेली होती, प्रमाणपत्रे मिळालेली होती, ग्रेपनेटवर नोंदी चोख होत्या. परंतु भारतात ज्या द्रव्यांसाठी नमुने तपासले जात, त्यांच्या यादीत हे नावच नव्हते. परिणामी कंटेनर बंदरांत अडकले, भाव कोसळले, निर्यातदार अडचणीत आले आणि त्यांनी बागाईतदारांचे पैसे अडविले. नियम पाळूनही शिक्षा झाली, अशी भावना गावोगाव निर्माण झाली. आणि ती निराधार नव्हती.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. व्यवस्था आंधळी नव्हती. तिला जे पाहावयास सांगितले होते, ते ती नेमके पाहत होती. राणा प्लाझामध्येही हेच घडले होते. तेथील काही कारखान्यांची खरेदीदारांच्या वतीने सामाजिक तपासणी झालेली होती. पण इमारतीचा सांगाडा तपासणे त्या तपासणीच्या कक्षेत नव्हते. दोन्ही ठिकाणी यादी वरून आली. दोन्ही ठिकाणी यादीत काय नाही, हे खाली काम करणाऱ्यांना ठाऊक होते. लिहोसिन वापरले जाते हे द्राक्षपट्ट्यातील प्रत्येक कृषिसेवा केंद्राला माहीत होते. भिंतींना तडे गेले आहेत हे राणा प्लाझातील कामगारांनी आदल्या दिवशी पाहिले होते आणि त्या सकाळी त्यांतील अनेक जण आत जावयास तयार नव्हते. जे ज्ञान साखळीच्या तळाशी उपलब्ध होते, ते वर पोहोचण्याची वाटच नव्हती. तेव्हा दृश्यता वाढविणे म्हणजे वरून अधिक प्रकाशझोत सोडणे, एवढाच अर्थ घेतला तर तो अपुरा आहे. खालून बोलण्याची सोय हा तिचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

जोखीम खाली, माहिती वर

आता हिशेबाकडे वळू. ग्रेपनेट मालाचा माग ठेवते. विक्रीचा भाव आणि पैशांचा हिशेब हा तिचा विषय नाही. निर्यातीचा माल अनेकदा आधी भाव न ठरविता, किंवा किमान हमी ठरवून उरलेला हिशेब विक्रीनंतर करण्याच्या बोलीवर जातो. माल पोहोचल्यावर तो उतरला, मणी गळाले, देठ वाळला अशी तक्रार आली की रक्कम कापली जाते. ती तक्रार खरी असू शकते. परंतु नोंदणी, तपासणी, विरळणी, वेष्टन या सर्वांचा खर्च आधीच करून बसलेल्या बागाईतदाराला ती पडताळून पाहण्याचे साधन नसते. आपल्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कितीही दोष असोत, तेथे शेतकऱ्याच्या हातात निदान एक हिशेबपट्टी पडते. तीवर वजन, भाव, हमाली, तोलाई लिहिलेली असते. प्लॉटचा क्रमांक रॉटरडॅमपर्यंत जातो. रॉटरडॅमहून हिशेबपट्टी मात्र प्लॉटपर्यंत येत नाही.

देशांतर्गत बाजारात तर अवस्था याहून शोचनीय आहे. बांधावर माल घ्यावयाचा, काही रक्कम रोख द्यावयाची, उरलेल्यासाठी धनादेश किंवा नुसता शब्द द्यावयाचा आणि हंगाम संपताच पसार व्हावयाचे, असे प्रकार द्राक्षपट्ट्यात वारंवार घडले आहेत. २०२० साली तर अशी बुडीत रक्कम वसूल करण्यासाठी पोलीस खात्याला विशेष मोहीम हाती घ्यावी लागली. घडाचा माग हजारो मैलांवरून लावता येतो आणि तो घड विकत घेणाऱ्याचा माग तालुक्याच्या गावी लागत नाही, यातील विसंगती तंत्रज्ञानाच्या अभावामुळे निर्माण झालेली नाही. माग लावण्याची गरज ज्याला होती, त्याच्याजवळ तो लावून घेण्याची शक्ती नव्हती, एवढेच तिचे कारण आहे.

माहिती दोन्ही दिशांनी वाहू लागली तर काय होते, याचे उदाहरण दूर जाऊन शोधावयास नको. १९९७ ते २००१ या काळात केरळच्या किनाऱ्यावर भ्रमणध्वनीची सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी तेथील तारली माशांच्या बाजाराचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यापूर्वी एका बंदरात मासळी घेणारा गिऱ्हाईक नसल्यामुळे ती फेकून द्यावी लागे आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या बंदरात ती मिळत नसे. समुद्रात असतानाच कोठे काय भाव आहे हे कळू लागल्यावर बंदराबंदरांतील भावांची तफावत झपाट्याने कमी झाली आणि नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला व ग्राहकांना द्यावा लागणारा भाव ४ टक्क्यांनी उतरला. येथे कोणी वरून नजर ठेवीत नव्हते. माल ज्याच्या हातात होता, त्यालाच बाजार दिसू लागला होता, आणि लाभ दोन्ही टोकांना झाला.

ज्यांची नोंदच नाही, ते

बागाईतदाराच्याही खाली एक पायरी आहे. पेठ-सुरगाण्याकडून छाटणी, विरळणी आणि खुडणीच्या कामासाठी द्राक्षपट्ट्यात येणारी आदिवासी कुटुंबे या साखळीचाच भाग आहेत. फवारणीची नोंद प्लॉटनिहाय राहते. त्या फवारणीनंतर बागेत कोण शिरले, याची राहत नाही. परदेशी खरेदीदारांच्या काही प्रमाणपत्रांत मजुरांविषयीची कलमे आहेत. पण नोंदीचा मुख्य आधार जमिनीचा तुकडा हाच आहे, माणूस नाही.

नोंदीचे एकक चुकले म्हणजे किती मोठी गोष्ट नजरेआड राहते, हे आपल्या साखर उद्योगाने दाखवून दिले आहे. ऊस कोणत्या गटात, कोणत्या तारखेला लावला आणि त्याची तोड केव्हा येईल, याची नोंद कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असते. परंतु तोड करणाऱ्यांची मोजणी 'कोयता' या एककात होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मुकादमामार्फत, व्यवहार मुकादमाशी. त्यामुळे ऊस तोडणारी स्त्री ही स्वतंत्र कामगार म्हणून कागदावर उमटतच नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला, तेव्हा राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कामाचा एक दिवस बुडाला तर पडणारा दंड आणि पाळीच्या दिवसांतील हाल यांचा या शस्त्रक्रियांशी असलेला संबंध तेव्हा पुढे आला. ही माहिती वर्षानुवर्षे साखळीत होती. ती कोणत्याही रकान्यात बसत नव्हती.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

दोन्ही बाजूंनी दृष्टी हवी, या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, विक्रीचा भाव हे व्यापाराचे गुपित आहे. हे काही अंशी मान्य करता येईल. भाव जगजाहीर करावा असे कोणी म्हणत नाही. ज्याचा माल विकला गेला, त्याला त्याच्या मालाचा भाव कळावा, एवढीच मागणी आहे. स्वतःच्या मालाचा हिशेब हे दुसऱ्याचे गुपित कसे होऊ शकते?

दुसरा आक्षेप खर्चाचा. नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्रे यांचा भार सोसला नाही, तर लहान शेतकरी निर्यातीबाहेर फेकला जातो, ही भीती खरी आहे. मात्र याचे उत्तर नोंदी कमी करण्यात नसून त्या सामुदायिक करण्यात आहे. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील 'सह्याद्री फार्म्स' या शेतकरी उत्पादक कंपनीने हा मार्ग चोखाळला आहे. २०१० च्या फटक्यानंतर उभ्या राहिलेल्या या कंपनीत पॅकहाऊस, शीतगृह आणि निर्यात ही सर्व अंगे शेतकऱ्यांच्या मालकीखाली एकत्र आली. जेथे साखळीचे अनेक दुवे उत्पादकांच्याच हाती असतात, तेथे दृश्यता हा उपकार राहत नाही; तो मालकाचा सहज हक्क ठरतो. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे नव्याने शिकावे लागावे, याचे मात्र आश्चर्य वाटते.

तिसरा आक्षेप असा की, परदेशी खरेदीदारावर आपला अधिकार चालत नाही. हाही पूर्णतः बरोबर नाही. युरोपीय संघाने २०१९ साली अन्नव्यापारातील अनुचित प्रथांविरुद्ध निर्देश काढला. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत न देणे, आयत्या वेळी मागणी रद्द करणे, तक्रार करणाऱ्या पुरवठादाराला धमकावणे इत्यादी गोष्टींना त्याने बंदी घातली. महत्त्वाचे असे की, खरेदीदार युरोपातील असेल तर उलाढालीच्या अटींत बसणाऱ्या युरोपबाहेरील पुरवठादारालाही हे संरक्षण मिळते. पण ते मिळते निर्यातदाराला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या बागाईतदारापर्यंत ते आणून पोहोचविणारा कायदा आपल्याला येथेच करावा लागेल. जर्मनीने २०२३ पासून लागू केलेला पुरवठा साखळीविषयक कायदा आणि युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेला निर्देश यांनी कंपन्यांवर आणखी जबाबदाऱ्या टाकल्या; पुढे २०२५ मध्ये त्या सौम्य करण्याच्या हालचालीही झाल्या. आपल्याकडे सेबीने मोठ्या कंपन्यांनी पुरवठा साखळीविषयी माहिती द्यावी असे २०२३ साली ठरविले. नंतर ते ऐच्छिक करून मुदत वाढविली. दुसऱ्याच्या कायद्याच्या भरवशावर किती राहावे, याचा धडा यातून घ्यावयास हवा.

काय करता येईल?

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. ज्या प्लॉट-क्रमांकावरून मालाचा माग लागतो, त्याच क्रमांकावर माल पोहोचल्यानंतरचा गुणवत्ता-अहवाल, कपातीची कारणे आणि अंतिम हिशेब निर्यातदाराने ठरावीक मुदतीत नोंदवावा, अशी अट निर्यातीच्या नोंदणीतच घालता येईल. व्यवस्था तयार आहे. तीत आणखी काही रकाने हवेत. तपासणीच्या द्रव्यांची यादी दर हंगामापूर्वी ठरविताना बागाईतदार संघ, कृषिसेवा केंद्रे आणि प्रत्यक्ष फवारणी करणारे यांच्याकडून 'शिवारात सध्या काय मारले जाते' याची माहिती रीतसर घ्यावी. देशांतर्गत व्यापाऱ्याचीही प्लॉटइतकीच काटेकोर नोंदणी व्हावी आणि ठेव भरल्याशिवाय त्याला बांधावर खरेदी करता येऊ नये. आणि मजुराची नोंद माणूस म्हणून व्हावी; उसाच्या फडात जोडीची नव्हे, तर प्रत्येकाची, आणि स्त्रीची तिच्या स्वतःच्या नावाने. राणा प्लाझानंतर झालेल्या बांगलादेशातील कराराने कारखान्यांचे तपासणी-अहवाल कोणालाही वाचता येतील असे प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला. खरेदीदाराच्या कपाटात बंद राहणारी तपासणी आणि कामगाराला वाचता येणारी तपासणी यांतील फरक त्या कराराने दाखवून दिला आहे.

यासाठी पैशांपेक्षा इच्छाशक्ती अधिक लागेल. कारण माहिती ही सत्ता आहे आणि सत्ता कोणी आपण होऊन वाटून देत नाही. ग्रेपनेट उभी राहिली ती युरोपातील ग्राहकाने आपला हक्क बजावला म्हणून. त्या ग्राहकाला आपण काय खातो हे जाणून घेण्याचा जेवढा अधिकार आहे, तेवढाच अधिकार आपण पिकविलेल्याचे काय झाले हे जाणून घेण्याचा बागाईतदाराला आहे. ऑक्टोबर छाटणीला दरवर्षी नव्या हंगामाची सुरुवात होते आणि निर्यातीसाठी प्लॉटांची नोंदणीही पुन्हा नव्याने सुरू होते. त्या अर्जावर शेतकऱ्याने काय काय कळवावे, याची यादी तयारच असते. त्याला काय काय कळविले जाईल, याची यादी त्याच अर्जाच्या मागील बाजूस छापली जाईल, तेव्हाच ही साखळी खऱ्या अर्थाने पारदर्शक झाली असे म्हणता येईल.